मीटर कटला, सेकंद उरला

माझ्या फ्रिजच्या दारावर कायम तीन याद्या असतात: आणायच्या वस्तू, करायची कामं, आणि कोणाला काय सांगून झालंय. तिसरी सगळ्यात उपयोगाची. ‘तू मला सांगितलंच नव्हतंस’ हे वाक्य तिच्यामुळे आमच्या घरातून जवळपास हद्दपार झालं आहे.

याद्यांचा नियम एकच. आकडा एकटा लिहायचा नाही. ‘कांदे – २’ मला चालत नाही. दोन किलो, दोन नग, की दोन पोती? हा नियम मी नोकरीत शिकले. काशीमीराला नळाच्या फिटिंगचं एक गोडाऊन आहे, तिथे मी मालाची आवक-जावक बघते. फार वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने ऑर्डर लिहिली, ‘एल्बो – २४’. पाइप वळवायला लावतात ते एल्बो. त्यांना हवे होते चोवीस नग, पाठवणाऱ्याने पाठवले चोवीस बॉक्स. एका बॉक्समध्ये पन्नास. टेम्पोतून बाराशे एल्बो उतरले तेव्हा साहेब म्हणाले, "एवढे कोपर तर सहाशे माणसांना होतील." तेव्हापासून आमच्याकडे आकड्यापुढे नग, डझन, बॉक्स, काहीतरी लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

एका पावसाळ्यात कामांच्या यादीत मला माझ्या मुलीच्या अक्षरात एक ओळ दिसली: ‘आई – कॉलेज – सोमवार.’ मी पुढे लिहिलं, ‘किती वाजता? कशासाठी?’ संध्याकाळी खाली उत्तर आलं: ‘११. फिजिक्स.’

मुलगी नुकतीच अकरावी सायन्सला गेली होती. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकून कॉलेजात गेले. फिजिक्सच्या मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील, पण आवाज असा की मीच पाठ ताठ करून बसले. त्यांनी पेपर पुढे सरकवला. पंचवीसपैकी सहा.

"पहिलाच धडा आहे," त्या म्हणाल्या. "एककं आणि मापनं. सगळं फिजिक्स याच्यावर उभं आहे. येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी फेरपरीक्षा घेतेय. नऊ मार्क हवेत. नाही पडले, तर कॉमर्सला बदलून घ्यायचा हा फॉर्म आहे. त्याची मुदत परीक्षेनंतरच्या आठवड्यात संपते. मी जबरदस्ती करणार नाही. पण बारावीत रडण्यापेक्षा आत्ता विचार केलेला बरा."

फॉर्म मी पर्समध्ये ठेवला. रिक्षात बसताच मुलगी म्हणाली,

"मी कॉमर्सला जाणार नाहीये."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू मनातल्या मनात यादी करतेयस. तुझा चेहरा कळतो मला."

करत होते, हे खरं आहे. दोन नंबरवर पोचले होते.

तिला हवामान खात्यात जायचं होतं, आणि ते आजच्या मुलांना रोज नवीन काहीतरी व्हायचं असतं तसलं नव्हतं. आमची मंडळी मूळची मुर्धा गावची. सासरे, म्हणजे आबा, मिठागरावरचे. मीठ तयार होत आलेलं असताना अवेळी पाऊस आला की अख्ख्या हंगामाचं पाणी. त्यामुळे ढगाकडे संशयाने बघायची त्यांना आयुष्यभराची सवय. मिठागर गेलं, आम्ही जेसल पार्कच्या फ्लॅटमध्ये आलो, तरी आबा रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून आभाळाचा अंदाज सांगायचे. नात सहा वर्षांची असल्यापासून शेजारी उभी. अंदाज निम्म्या वेळा चुकायचा. एकदा त्यांच्या भरवशावर तिने शाळेच्या सहलीला छत्री नेली नाही, आणि भिजून घरी आल्यावर तिने जाहीर केलं की मोठी झाल्यावर हे काम ती स्वतः करणार, नीट. तेव्हापासून तेच. आणि हवामानाच्या वाटेवर फिजिक्स आडवं पडलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी पेपर जेवणाच्या टेबलावर पसरला. फिजिक्स मला दहावीपुरतंच माहीत, आणि तेही परत न भेटण्याच्या अटीवर. पण पेपर वाचता वाचता मला ओळखीचं काहीतरी दिसायला लागलं. गाडीचा वेग विचारला होता. मुलीने लिहिलं होतं, ‘२०’. मॅडमनी लाल पेनाने गोल करून बाजूला विचारलं होतं, ‘२० काय? केळी?’ खोलीचं घनफळ, ‘३६ मीटर’. एका दगडाची घनता चक्क ‘८ सेकंद’. आकडेमोड बहुतेक ठिकाणी बरोबर होती.

"अगं, हे तर एल्बो आहेत!" मी म्हटलं.

"काय?"

"तुला गणित येतंय. तुला फक्त बॉक्स आणि नगाचा घोळ झालाय."

मी कागद घेतला. पन्नास नग प्रति बॉक्स, गुणिले चोवीस बॉक्स. ‘प्रति’ म्हणजे रेघेच्या खाली. खालचा बॉक्स आणि वरचा बॉक्स समोरासमोर आले, दोघांवर काट मारली. काय उरलं? नग. बाराशे नग. आता वेग: साठ मीटर प्रति मिनिट, गुणिले सात मिनिटं. मिनिटाने मिनिट कटलं, उरले मीटर. चारशेवीस मीटर. म्हणजे युनिटं आकड्यासारखीच वागतात. गुणली जातात, भागली जातात, वरखाली एकसारखी आली की एकमेकांना संपवतात. आणि शेवटी जे उरतं ते मागितलेल्या वस्तूचं नसेल, तर वर कुठेतरी चुकलंय, हे उत्तर न बघताच कळतं.

मुलीने कागद स्वतःकडे ओढला. "हे मॅडमनी पण सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण त्यांनी एल्बो नव्हते घेतले."

पुढचे दोन आठवडे मी घरात असह्य झाले होते, असं नवऱ्याचं मत आहे. मला ते तितकंसं पटत नाही, पण नोंद करून ठेवते.

पहिल्यांदा मी आबांना धरलं. आबा अंतर बिडीत मोजतात. मुर्ध्याचं देऊळ आमच्या जुन्या घरापासून एक बिडी, शेजारचं राई गाव दोन बिड्या. बिडी सोडून त्यांना अकरा वर्षं झाली.

"आबा, बिडी सोडलीत ना? मग अजून बिडीत कसं मोजता?"

"बिडी सोडलीय गो. अंतर थोडीच सोडलंय!"

मी मुलीला म्हटलं, चल, हे सोडव. बिडी म्हणजे खरं तर वेळ. एक बिडी किती मिनिटं चालते ते काढायचं, चालण्याच्या वेगाने गुणायचं, मिनिटं कटतील, मीटर उरतील. फक्त एक बिडी किती मिनिटं हे मोजायला हवं. आबा खुर्चीतून जरा जास्तच चपळाईने उठले.

"विज्ञानासाठी मी वढीन एक," ते म्हणाले. "माझी तयारी हाय."

"काही गरज नाही. आपण बशीत पेटवून ठेवू."

बिडी आणली, बाल्कनीत बशीत ठेवून पेटवली, मी मोबाइलवर वेळ लावली. मिनिटभरात ती विझली. परत पेटवली, परत विझली. आबा दारात उभे राहून बिडीकडे बघत होते; रेल्वे स्टेशनवर जुना मित्र दिसावा आणि गाडी सुटावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"ती वढावी लागते," ते म्हणाले. "वढली न्हाय तं विझते. म्हंजे बिडीत माणूस बी मोजायला लागंल तुमाला."

मुलीने वहीत लिहिलं: ‘बिडी प्रति माणूस.’ मग खोडलं, आणि मला म्हणाली, "आई, हे एकक प्रमाणित नाही." पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं, पण ती ते पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. मी ते तिसऱ्या यादीत लिहून ठेवलं.

मग सोसायटीची मीटिंग झाली; मुलगीही माझ्याबरोबर आली. गच्चीवरच्या टाकीचा विषय होता. आमचे चेअरमन गुजराती, तळमजल्यावर राहतात, फार सज्जन माणूस. ते म्हणाले, "अपनी टंकी दो घंटे की है."

मी हात वर केला. "भाईसाहब, टंकी घंटे की नहीं होती. लिटर की होती है."

"भाभी, पंप दो घंटा चलता है, टंकी भर जाती है. तो दो घंटे की हुई ना?"

"और नया, बड़ा पंप लगाया तो?"

त्यांनी विचार केला. "तो एक घंटे की."

"मतलब टंकी छोटी हो गई?"

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई घाबरून म्हणाल्या, "छोटी टंकी नहीं चाहिए हमको, पानी वैसे ही कम आता है." ठराव पुढच्या महिन्यावर गेला. घरी येताना मुलगी जिन्यात हसत बसली, म्हणजे खरंच पायरीवर बसली. "लिटर प्रति मिनिट गुणिले मिनिट," ती म्हणाली, "मिनिट कटलं, लिटर उरलं. पण चेअरमन अंकलचं सगळं लिटरच कटून गेलं!"

दुधाच्या बाबतीत मात्र मी तोंडावर आपटले. नणंद दहा दिवस राहायला येणार होती. दूध रोज तीन लिटर लागणार, दहा दिवसांचं एकूण किती, हे मी फ्रिजवर ऐटीत मांडलं, आणि घाईत गुणिलेच्या जागी भागिले केलं. मुलगी पाणी प्यायला आली, यादीसमोर थांबली.

"आई, हे लिटर प्रति दिवस, भागिले दिवस केलंयस. खाली दिवस दोनदा झाले. लिटर प्रति दिवस वर्ग."

"मग?"

"मग हे दूध नाही राहिलं. हे दुधाचं त्वरण आहे. म्हणजे दूध रोज आदल्या दिवसापेक्षा वाढत जाणार."

नवऱ्याने पेपरमधून डोकं वर काढलं. "म्हणजे दहाव्या दिवशी म्हैसच येईल. बाल्कनी रिकामी करून ठेवू का?"

मी चूक खोडली. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की नऊ मार्क पडतील.

अडचण झाली ती त्वरणाच्याच पोटातल्या एका गोष्टीची. मीटर प्रति सेकंद वर्ग. चौरस मीटर मला समजतो; फ्लॅट घेताना सगळ्यांनाच समजतो. पण सेकंदाचा चौरस? कसला चौरस? कुठे अंथरायचा? मुलीलाही सांगता येईना. आबा शेंगा सोलत होते. ते म्हणाले, "दोनदा वाट बघायची, दुसरं काय."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायला लागलो.

"रिक्षा सिग्नलला सुटली. दर सेकंदाला काय पुढं जाते ती. तो तिचा वेग. आता वेग बी दर सेकंदाला वाढतोय. म्हंजे एक सेकंद चालायचा, एक सेकंद वाढायचा. दोन झाले. हाय काय त्यात?"

मुलीने ते तसंच वहीत उतरवून घेतलं. आबांनी नंतर दोन दिवस तिच्याकडे फीबद्दल विचारणा केली. फी एक बिडी होती. मंजूर झाली नाही.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी लंबक घेतला. दोरीला वजन बांधून झुलवायचं. एका पूर्ण झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, किती वेळ लागतो ते दोरीच्या लांबीवरून काढायचं. मॅडमनी सांगितलं होतं की हे सूत्र पाठ करू नका, एककांवरून काढा, परीक्षेत हमखास विचारीन. आम्ही काढलं. हाताशी दोनच गोष्टी: दोरीची लांबी, मीटरमध्ये, आणि पृथ्वीची ओढ, तीच ती मीटर प्रति सेकंद वर्ग, आकडा नऊ पूर्णांक आठ. हवा आहे वेळ, सेकंदात. लांबीला ओढीने भागलं. मीटरने मीटर कटला. खालच्याच्या खाली असलेला सेकंद उलटून वर आला, पण दोन सेकंद, वर्ग. मग वर्गमूळ घेतलं, एक सेकंद उरला. बस्स! फिजिक्स न येता फिजिक्स आलं. मी टाळी वाजवली.

"पण पुस्तकात म्हटलंय," मुलगी म्हणाली, "की पुढे एक आकडा असतो. त्याला एकक नसतं. तो एककांवरून नाही कळत. प्रयोग करून काढावा लागतो. टू पाय आहे तो."

मी तेव्हा तिच्यासाठी उजळणीची यादी करत होते, फ्रिजवर लावायला. प्रत्येक राशी, तिच्यापुढे तिचं युनिट. टू पायच्या पुढे लिहायला काहीच नव्हतं. पाय म्हणजे वर्तुळाचा घेर भागिले व्यास. मीटरने मीटर कटतो आणि नुसताच आकडा हातात राहतो. आणि माझा नियम तुम्हाला माहीत आहे. एकटा आकडा माझ्या यादीत जात नाही.

"याला युनिट नाही," मी म्हटलं, आणि पुढे गेले.

मग प्रयोग करून बघायचं ठरलं. आमच्या हॉलच्या छताला झोपाळ्याचा हूक आहे, बिल्डरने दिलेला. झोपाळा आम्ही कधी घेतला नाही. आबांनी मिठागरावरच्या कोठीचं जुनं कुलूप काढून दिलं, गंजलेलं, आणि नारळाएवढं जड. शिलाईच्या टेपने एक मीटर दोरी मोजली, कुलपाच्या मध्यापर्यंत. लटकवल्यावर ते बरोबर आबांच्या नाकासमोर आलं.

"आबा, मागे व्हा. नाकावर येईल."

"येईल, पण लागायचं न्हाय. सोडलं तिथवरच येतंय ते. त्याच्या म्होरं जायची त्याला परवानगी न्हाय."

सोडायचं आणि मोजायचं काम त्यांनी कोणाला दिलं नाही. मिठाच्या टोपल्या मोजण्यात आयुष्य गेलेलं. आणि टोपल्या मोजताना पहिलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. शुभारंभ चांगल्या शब्दाने व्हावा म्हणून. आबांनी कुलूप वीतभर मागे ओढलं, सोडलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!" कुलूप जाऊन परत आलं, "दोन!" परत आलं, "तीन!" असं दहापर्यंत. मी मोबाइलवर वेळ घेतली. अठरा सेकंद. फ्रिजवरच्या यादीत लिहिलं: ‘लंबक, १ मीटर – १० झोके – १८ सेकंद. म्हणून १ झोका – १.८ सेकंद.’ खाली रेघ मारली. सगळ्या आकड्यांपुढे युनिट. अशी देखणी नोंद मी गोडाऊनमध्येही क्वचितच केली असेल.

शनिवारी परीक्षा अकरा ते बारा होती. मी गोडाऊनमधून साडेबाराला सुटले. घरी पोचले तर मुलगी जेवायला बसलेली, आबा समोर, आणि दोघंही नुसताच भात चिवडत होते.

"काय झालं?"

"लंबक आला होता," ती म्हणाली. "आठ मार्कांना. सूत्र काढा आणि एक मीटरसाठी वेळ सांगा."

"मग छानच की!"

"आई. टू पाय यादीत नव्हता."

मी खुर्चीत बसले. आठ मार्क. नऊ हवे होते. तिने आठवडाभर माझ्याच यादीवरून उजळणी केली होती, कारण मीच सांगितलं होतं की पुस्तक उघडू नकोस, सगळं यादीत आहे.

"वर्गमूळ काढलं," ती म्हणाली. "०.३२ सेकंद आलं. युनिट बरोबर. मीटर कटला, सेकंद उरला. पण एवढ्यात तर डोळा पण मिटत नाही. आणि मला दिसत होतं ना ते कुलूप, किती आरामात येत होतं. मग आठवलं, पुढे आकडा असतो. पण कुठला, ते आठवेना. तेव्हा तुझी नोंद आठवली. एक झोका, १.८ सेकंद. म्हटलं, त्याला ०.३२ ने भागू, सेकंदाने सेकंद कटेल, तो आकडा मिळेल. ५.६ आलं."

"मग?"

"मग ५.६ कोणाचाच नाही! मी बसले. दहा मिनिटं राहिली होती. आणि डोक्यात आबांचा आवाज येत होता, लाभ, दोन, तीन. मी मनातल्या मनात कुलूप सोडलं. आबा ‘लाभ’ म्हणाले. आणि मला दिसलं, कुलूप अजून हातातून नुकतंच सुटलंय. कुठेच गेलेलं नाही. झोका झालाच नाहीये अजून!"

आबांचा हात भाताच्या घासावर थांबला.

"म्हणजे दहापर्यंत मोजलं, पण झोके नऊच झाले," ती म्हणाली. "अठरा सेकंद भागिले नऊ. दोन सेकंद. दोनला ०.३२ ने भागलं तर सव्वासहा. आणि सव्वासहाच्या जवळ कोण राहतं? ३.१४ ची दुप्पट. टू पाय! मी लिहून टाकलं."

आबा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "टोपल्यांना बरोबर येतंय. लाभाची टोपली भरलेली असते."

"टोपलीला बरोबर, आबा. झोक्याला नाही. लाभाला झोका नसतो."

त्यांनी तो थांबलेला घास खाल्ला. "चाळीस वर्सं मोजत होतो मी मीठ," ते म्हणाले. "पण मीठ कदी झुललं न्हाय."

मी उठले, फ्रिजवरच्या यादीत ‘१० झोके’ खोडून ‘९ झोके’ केलं, आणि खाली, मन घट्ट करून, लिहिलं: ‘टू पाय.’ पुढे काही नाही. एकटा. तो दिसत राहिला की मला अजूनही हात पुसून काहीतरी पुढे लिहावंसं वाटतं.

तीन दिवस आम्ही पर्समधल्या फॉर्मबद्दल बोललो नाही. मुलगी रोज बाल्कनीत आबांशेजारी उभी राहायची, पण दोघांपैकी कोणी अंदाज सांगत नव्हतं. बुधवारी दुपारी गोडाऊनमध्ये मला कॉलेजमधून फोन आला. मॅडम होत्या.

"घाबरू नका, पास आहे," त्या म्हणाल्या. "सतरा."

"सतरा काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मार्क, पंचवीसपैकी," मॅडम म्हणाल्या, आणि बहुतेक हसल्या. "मी वेगळंच विचारायला फोन केलाय. लंबकाच्या उत्तरात तिने समासात लिहिलंय, ‘लाभ वजा केला.’ मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना विचारलं. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

मी त्यांना टोपल्यांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की प्रॅक्टिकलला दर वर्षी निम्मा वर्ग सोडतानाच ‘एक’ म्हणतो आणि एक झोका जास्त मोजतो, आणि या चुकीला आजवर नाव नव्हतं. आता आहे.

संध्याकाळी मी पर्समधून कॉमर्सचा फॉर्म काढला. मागची बाजू पूर्ण कोरी होती, कागद जाड, छान. फेकण्यात अर्थ नव्हता. आडवी रेघ मारून त्याची आणायच्या वस्तूंची यादी केली आणि फ्रिजवर लावली. सकाळी बघते तर पहिल्याच ओळीवर मुलीचं अक्षर: ‘मीठ – १.’

"एक काय?" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

बाल्कनीतून ती ओरडली, "लाभ!"

आणि तिच्या मागोमाग आबा, माझ्याहून जास्त वैतागून: "अगो पोरी, लाभ आकडा हाय, युनिट न्हाय! किलो लिव!"